दोन बारांमधला वेळ

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या शेजारच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, रानडुकरं शिरली की दादूमामा ठासणीची बंदूक काढतात. नळीत दारू ओतायची, वर कागदाचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणी, शेवटी दारू पेटवणारी छोटी टोपी, केप. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं: दीड मिनिट. बार हवेतच, कारण डुकराला मारायला वन्यजीव कायदा आडवा येतो. दुसरा बार भरेपर्यंत डुकरं ओहोळापलीकडे.

परदेशातल्या सामूहिक गोळीबारांच्या बातम्या वाचताना मला हेच दीड मिनिट आठवतं. अर्धस्वयंचलित रायफलीत ही सगळी खटपट बंदूकच करते. दारू पेटून झालेला वायू गोळीला पुढे रेटतो. बऱ्याच रायफलींत त्यातलाच थोडा नळीच्या भोकातून मागे वळवून यंत्रणा ढकलायला वापरतात. रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, स्प्रिंगच्या जोरावर भरलेलं आत येतं. माणसाने फक्त चाप ओढायचा. अमेरिकेत लास वेगासमध्ये 1 ऑक्टोबर 2017 रोजी एकट्या माणसाने हॉटेलच्या खिडकीतून सुमारे दहा मिनिटांत हजारावर गोळ्या झाडल्या. त्याच्या रायफलींना बंप स्टॉक, म्हणजे मागेपुढे सरकणारे दस्ते, होते; बंदुकीच्या धक्क्यानेच चाप पुन्हा पुन्हा बोटावर आपटतो. अमेरिकेने त्यावर बंदी घातली, 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

अमेरिकेतल्याच टक्सन शहरात 2011 साली उलट घडलं. हल्लेखोर मॅगझीन, म्हणजे बंदुकीतली गोळ्यांची पेटी, बदलायला लागला आणि आजूबाजूच्या लोकांनी त्याला आडवा पाडला. मिळाले ते काही सेकंद. पण पहिल्या मॅगझीनमध्येच तीसहून जास्त गोळ्या मावत होत्या, आणि तोवर सहाजणांचा जीव गेला होता.

दुसरा वेळ असतो रागाचा. टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला 28 एप्रिल 1996 रोजी 35 माणसं मारली गेली. दोन आठवड्यांच्या आत ऑस्ट्रेलियाने अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी ठरवली, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे मोजून परत घेतल्या आणि बंदूक विकत घ्यायची तर 28 दिवस थांबायचं, असा नियम केला. बंदुकीने होणारे मृत्यू तिथे आधीपासूनच घटत होते, म्हणून कायद्याला श्रेय किती यावर संशोधक अजून भांडतात. थांबण्याच्या नियमाबद्दल मात्र मला फारशी शंका नाही. भडकलेलं किंवा खचलेलं डोकं महिनाभर तसंच राहत नाही, आणि बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचणारे फार थोडे.

आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी नाव घेतलंय ते ठासणीच्याच बंदुकीचं. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. दादूमामांना याचं काडीचं कौतुक नाही. निवडणूक आली की तीही पोलीस स्थानकात जमा करावी लागते, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नाही, हे ते दरवेळी ऐकवतात. सध्या दुनळीचा अर्ज भरायला मला बोलावलंय.

"भरत बसायला नको रे," ते म्हणाले. "एक चुकला, तर दुसरा लगेच."