कोसाइन कळला, पण कोन कुठला?

कोन दिला की त्याचा कोसाइन एकच. उलट विचारलं, की गडबड सुरू होते. कोसाइन ०.५ असेल तर कोन किती? ६० अंश, ३०० अंश, ४२० अंश. सगळीच उत्तरं बरोबर. म्हणून सी या प्रोग्रामिंग भाषेतलं, कोसाइनवरून कोन काढणारं 'एकॉस' फंक्शन ० ते १८० अंशांपलीकडचं उत्तर देतच नाही. साइन आणि टॅन्जंटवरून कोन काढणारी 'एसाइन' आणि 'एटॅन' उणे ९० ते अधिक ९० अंशांत राहतात. उत्तरं मात्र रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात येतात, त्यामुळे ६० अंशांऐवजी १.०४७ दिसतं आणि नवखे गोंधळतात.

बिंदूची दिशा काढायला 'एटॅन'ला य÷क्ष हा भागाकार दिला की दिशा हरवते. (३, ३) आणि (−३, −३) हे बिंदू आरंभबिंदूच्या बरोबर विरुद्ध बाजूंना आहेत, पण दोन्हींचा भागाकार १, म्हणून दोन्हींना ४५ अंश! 'एटॅन-टू' दोन्ही अंक वेगवेगळे घेतं, चिन्हं तपासतं आणि दुसऱ्या बिंदूला उणे १३५ अंश सांगतं. त्यात आधी य द्यायचा, मग क्ष. हा क्रम कुणाला सुचला कोण जाणे!

'एकॉस'पासून मी तरी चार हात लांबच राहतो. लहान कोनांचा कोसाइन १ला इतका चिकटलेला असतो, की 'फ्लोट' या कमी अचूकतेच्या दशांश-संख्यांच्या प्रकारात १च्या खालचा पहिलाच अंक सुमारे ०.०००३४५ रेडियनचा कोन दाखवतो. पृथ्वीच्या केंद्राशी एवढा कोन म्हणजे जमिनीवर २.२ किलोमीटर. म्हणजे एकाच पेठेतल्या दोन घरांमधलं अंतर असं काढलं, तर ते शून्य येऊ शकतं. आकडेमोडीच्या खडखडाटात कोसाइन १च्या किंचित वर सरकला, तर उत्तर 'नॅन', म्हणजे संख्याच नाही.

मग संगणक कोन काढतो कसा? चौदाव्या शतकातल्या केरळच्या माधवाची श्रेणी अशी: टॅन्जंटमधून त्याच्या घनाचा तिसरा भाग वजा करा, पाचव्या घाताचा पाचवा भाग मिळवा, आणि असंच पुढे. टॅन्जंट लहान असेल तर ती झपाट्याने उत्तराशी पोचते. टॅन्जंट १ असेल तर मात्र रखडते: हजार पदांनंतरही त्यातून पाय (π) ३.१४०५९ येतो, तिसऱ्याच दशांशस्थळी चुकलेला. केरळच्या गणितींनी यासाठी शेवटी जोडायची दुरुस्तीही शोधली होती.

सन मायक्रोसिस्टम्सच्या १९९३च्या 'एफडीलिबएम' या गणिती फंक्शनांच्या संग्रहाने टॅन्जंटच लहान करून घेतला. कोन ४५ अंशांच्या आसपास असेल, तर ४५ अंश बाजूला काढायचे आणि (क्ष−१)÷(क्ष+१) (इथे क्ष म्हणजे मूळ टॅन्जंट) एवढ्याच टॅन्जंटचा कोन शोधायचा. असे चार ठरलेले कोन आधीच साठवलेले असतात, त्यामुळे उरलेला टॅन्जंट कधीच ७/१६च्या वर जात नाही. पुढे माधवाच्या श्रेणीसारखीच, पण अकरा पदांवर थांबणारी बेरीज; प्रत्येक घाताला गुणणारा एक ठरलेला अंक, म्हणजे सहगुणक. त्यातला पहिला सहगुणक ०.३३३३३३३३३३३३३२९, जवळजवळ माधवाचा एक-तृतीयांश. शेवटच्या जागी माधवाचा १/२३, म्हणजे ०.०४३५ हवा होता. तिथे आहे ०.०१६३. श्रेणी तिथेच तोडल्यामुळे सुटलेल्या पदांची भरपाई या बदललेल्या अंकांनी करून घेतली आहे.