पार्श्वभूमी: मधल्या दर्जाचा स्टार्टर, ठेवायचा की सोडायचा?

वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) संपली की पाच दिवसांत अमेरिकेतल्या बेसबॉल संघांना एक हिशोब मिटवावा लागतो: करार संपलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, एका वर्षाची क्वालिफायिंग ऑफर (ठरलेल्या रकमेचा करार) द्यायची की तसंच जाऊ द्यायचं. अव्वल पिचरच्या बाबतीत प्रश्न नसतो, अगदीच उतरलेल्याच्या बाबतीतही नसतो. घोडं अडतं ते साडेचारच्या आगेमागे ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी; कमी तितकी चांगली) असलेल्या, पण वर्षाला तीसेक स्टार्ट (स्टार्टर म्हणून सामन्याची सुरुवात) आणि पावणेदोनशे इनिंग टाकणाऱ्या माणसापाशी.

हा पेच मुळात पैशामुळे आला. रिझर्व्ह क्लॉज होता तोवर खेळाडू संघाला बांधलेलाच असे. १९७४ पासून पगाराचं आर्बिट्रेशन (लवादाकडून पगार ठरवणं) सुरू झालं आणि १९७५च्या अखेरीस लवादाच्या निकालाने फ्री एजन्सीचं, म्हणजे करार संपल्यावर कुठल्याही संघाकडे जाण्याचं, दार उघडलं. आज साधारण तीन वर्षं सेवा झाली की आर्बिट्रेशन मिळतं, सहा झाली की खेळाडू मोकळा. म्हणजे मधल्या दर्जाचा पिचर जराही न सुधारता दरवर्षी महाग होत जातो. ‘ठेवायचा की सोडायचा’ची खरी मेख इथे आहे.

मोजमापांनी मदत केली आणि गोंधळही वाढवला. १९८५ मध्ये ‘क्वालिटी स्टार्ट’ आला: किमान सहा इनिंग, जास्तीत जास्त तीन अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून पिचरच्या नावावर धरलेले रन). जेमतेम ही अट पाळली तर ईआरए ४.५० निघतो, यावरून तेव्हापासून टीका होते. मला ती पटत नाही, कारण सहा इनिंग निभावून नेणं हेच त्या दिवशी बुलपेनला (बदली पिचरच्या ताफ्याला) हवं असतं. २००१ च्या सुमारास बॅटला लागलेल्या चेंडूचं पुढे काय होतं यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो हा विचार पुढे आला, आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस), होम रन यांवरून पिचर जोखणं रूढ झालं. मधल्या दर्जाच्या पिचरना यातून एक ढाल मिळाली. ‘ईआरए वाईट आहे, पण आतला खेळ बरा आहे’ हे वाक्य तिथून पुढे प्रत्येक फ्रंट ऑफिसात (संघाच्या व्यवस्थापनात) ऐकू येऊ लागलं.

याच वाक्याचा सगळ्यात मोठा कस लागला तो बोस्टनमध्ये. डिसेंबर २०१४ मध्ये डेट्रॉइटहून आलेल्या एका उजव्या पिचरला संघाने एप्रिल २०१५ मध्ये, बोस्टनकडून एकही सामना टाकण्याआधीच, चार वर्षांची सव्वाआठ कोटी डॉलरची मुदतवाढ दिली. त्या वर्षी तो ९-१५ (नऊ विजय, पंधरा पराभव), ईआरए ४.९२. शहरात ओरड झाली. मात्र दुखापतीतून ऑगस्टच्या अखेरीस परतल्यावर त्याने फार चांगली बॉलिंग केली, आणि २०१६ मध्ये २२-४, ईआरए ३.१५ अशा कामगिरीवर साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवला. तोही १३७ विरुद्ध १३२ अशा निसटत्या गुणांनी, पहिल्या पसंतीची मतं प्रतिस्पर्ध्याला जास्त असताना. पुढच्याच वर्षी ११-१७, ईआरए ४.६५, तरी २०३ इनिंग. २०१८ मध्ये ईआरए ४.२८. त्या ऑक्टोबरात बाद फेरीत न्यूयॉर्कविरुद्धच्या मालिकेत, न्यूयॉर्कमधल्याच चौथ्या सामन्यात त्याने पाच इनिंगमध्ये एकच रन दिला आणि ती मालिका तिथेच संपली. पुढे बोस्टन वर्ल्ड सिरीजचा विजेता ठरला.

मग आलं २०१९. १४-१२, ईआरए ५.५२, इनिंग १७४. क्वालिफायिंग ऑफर होती १ कोटी ७८ लाख डॉलरची. बोस्टनने ती दिली नाही. वाद झाला, आणि दोन्ही बाजूंकडे दम होता. सोडा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की त्याने ती ऑफर लगेच घेतली असती, आणि लक्झरी टॅक्सच्या (पगाराचा एकूण खर्च ठरावीक रकमेपुढे गेल्यास लागणाऱ्या कराच्या) मर्यादेखाली जायला निघालेल्या संघाला ते परवडणारं नव्हतं. ठेवा म्हणणारे विचारत: या १७४ इनिंग आता टाकणार कोण? एकदिवसीय सामन्यात पाचव्या बोलरची दहा षटकं कुणाला तरी टाकावीच लागतात, तसंच हे.

माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं. पैशाच्या बाबतीत संघ बरोबर होता. बाजारात त्याला न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाकडून एका वर्षाचे एक कोटीच मिळाले, आणि २०२०च्या छोट्या मोसमात तिथे तो १-७, ईआरए ५.६४ असा कोसळला. पण बोस्टनने त्याच्या इनिंगची सोयच केली नाही. एक स्टार्टर ट्रेडमध्ये गेला, एकाच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, एक आजारपणामुळे मोसमभर बाहेर राहिला. ओपनर (सुरुवातीची एखादीच इनिंग टाकणारा पिचर) लावून दिवस ढकलले गेले. संघ २४-३६, ईआरए ५.५८. पिचर सोडण्यावर महिनोन्महिने चर्चा होते, त्याच्या जागी कोण यावर दोन वाक्यंही होत नाहीत, याची मला आजही खंत वाटते.

दरम्यान खेळच बदलत होता. २०१४ मध्ये स्टार्टर सरासरी सहा इनिंगच्या जवळ जात, २०१९ पर्यंत ते पाचवर आलं. तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर पिचरला जास्त झोडपतो हे आकड्यांनी दाखवल्यावर मॅनेजर लवकर पिचर बदलू लागले. मे २०१८ मध्ये टॅम्पा बेने रिलीव्हरलाच (बदली पिचरला) पहिली इनिंग देऊन ओपनर रुळवला. वाटलं, मधल्या स्टार्टरची गरज संपली. २०२२ मध्ये २६ जणांच्या चमूत तेराच पिचरची मर्यादा आली आणि एका मोसमात तोच खेळाडू पाचदाच खालच्या लीगमध्ये पाठवता येईल असा नियम झाला. बुलपेनची ये-जा आवळली गेली आणि इनिंग खाणाऱ्याचा भाव पुन्हा चढला.

डिसेंबर २०२२ मध्ये फिलाडेल्फियाने अशाच एका स्टार्टरला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर दिले. पहिल्या वर्षी १५-६, ईआरए ४.३८, १७२ इनिंग; आणि ऑक्टोबरातल्या बाद फेरीत त्याला एकही चेंडू टाकू दिला नाही. २०२४ मध्ये ईआरए ७.१०, जागा गेली, बुलपेनमध्ये रवानगी. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, सोडून द्या म्हणून ओरडले. संघाने ठेवला. २०२५ मध्ये मुख्य स्टार्टर दुखापतींनी बाहेर पडले तेव्हा रोटेशनमधली (स्टार्टरच्या पाळीतली) रिकामी जागा भरायला पुन्हा त्यालाच पुढे केलं.