सोन्याची निब म्हणजे मऊसूत लेखन?

रोजच्या लिखाणाला शाईपेन घ्यायचं तर निब सोन्याचीच हवी, ती मऊ चालते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. कागदाला सोनं टेकतच नाही! सोन्याच्या निबच्या टोकावर ऑस्मियम, रुथेनियमसारख्या कठीण धातूंच्या मिश्रणाचा बारीक मणी असतो, आणि चांगल्या स्टीलच्या निबवरही तसाच. पेन खरखरतं की सरसर चालतं, हे त्या मण्याची घासाई आणि निबच्या दोन्ही पाकळ्या समपातळीत आहेत का, यावर ठरतं. सोनं आलं ते जुन्या आम्लयुक्त शाईने साधं पोलाद गंजायचं म्हणून. आजच्या स्टेनलेस स्टीलला रोजची शाई काही करत नाही. तेव्हा धातू विचारण्याआधी शाईत बुडवून नेहमीच्या कागदावर चार ओळी लिहून पाहा.