होमार्पण आणि पापार्पण : वेदी एक, अर्थ दोन

उत्तम शुक्रवारी ‘प्रभू आपल्यासाठी यज्ञ झाला’ असं आपण म्हणतो, पण कोणता यज्ञ? बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात एकूण पाच अर्पणं आहेत. त्यांपैकी होमार्पण आणि पापार्पण या दोघांची आपण हमखास गल्लत करतो. गल्लत होणं साहजिकही आहे. दोन्हींत निर्दोष प्राणी आणायचा, त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, रक्त वेदीपाशी जायचं. शिवाय होमार्पणाच्या पहिल्याच अध्यायात प्रायश्चित्ताचा उल्लेख आहे.

फरक कळतो तो पुढे काय होतं ते पाहिलं की. होमार्पणात आणणाराच बैल कापी, कातडं सोलून तुकडे करी, आतडी आणि पाय पाण्यानं धुतले जात, आणि मग याजक सगळं वेदीवर रचून जाळत. कातडं तेवढं याजकाचं. मांसाचा घास कुणालाच नाही, ना याजकाला ना आणणाऱ्याला. हिब्रू शब्द ‘ओला’, म्हणजे वर चढणारं. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असं वर्षाचं कोकरू वेदीवर चढे, त्या दिवशी कुणी पाप केलेलं असो वा नसो. वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही, अशी सक्त आज्ञा होती.

पापार्पणाला मात्र कारण लागे: बहुधा नकळत घडलेला एखादा अपराध. त्यात माणसाचा दर्जाही पाहिला जाई. मुख्य याजकाला गोऱ्हा, अधिपतीला बकरा, सामान्य माणसाला बकरी किंवा मेंढी, आणि अगदीच गरिबाला एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दहावा हिस्सा सपीठ. इथे भर रक्तावर आहे. ते बोटानं वेदीच्या कोपऱ्यांवरच्या शिंगांना लावायचं. मुख्य याजकाच्या गोऱ्ह्याची फक्त चरबी वेदीवर. बाकी सारा देह इस्राएल लोकांच्या छावणीबाहेर राखेच्या जागी जाळायचा. हिब्रूत या दोन जाळण्यांना क्रियापदंही वेगळी आहेत.

नव्या करारात वधस्तंभाला दोन्ही चित्रं लाभली आहेत. इब्री लोकांस पत्राच्या 13व्या अध्यायात येशू वेशीबाहेर दुःख सोसतो, ते पापार्पण. इफिसकरांस पत्रात (5:2) तोच देवासाठी सुवास होतो, तिथे होमार्पणाचा गंध आहे.

मला वाटतं, आपल्या भक्तीत पहिलं चित्र फार ठळक आणि दुसरं पुसट झालंय. क्षमा मागून, हलकं होऊन आपण घरी जातो. पण पौल रोमकरांस 12:1 मध्ये शरीरं ‘जिवंत यज्ञ’ म्हणून अर्पण करा असं सांगतो, तेव्हा तो पापाची फेड मागत नसतो. ती त्याच्या लेखी ख्रिस्तात झालेली आहे. तो अख्खा माणूस मागतो, स्वतःसाठी एक घासही न राखता. लेवीय 5मध्ये गरिबाच्या दोन पक्ष्यांचा क्रमही हाच: आधी पापार्पण, मग होमार्पण. सकाळच्या प्रार्थनेला बसताना मला ते रोजचं कोकरू आठवतं. अपराध आठवो न आठवो, त्याची वेळ चुकत नसे.

मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात आले, तेव्हा कोकराची ऐपत नसलेल्यांचं अर्पण लूकनं नोंदवलंय: होल्यांची जोडी किंवा पारव्यांची दोन पिल्लं. बाळंतिणीच्या शुद्धीकरणाचा नियम देणारा लेवीय 12 सांगतो, त्यातला एक पक्षी पापार्पणासाठी आणि दुसरा होमार्पणासाठी.