पात्याच्या पोटात डोकावणारं रडार: पार्श्वभूमी

पवनचक्की आणि रडार यांची ओळख भांडणातून झाली. फिरत्या पात्यांवरून परतणारे तरंग विमानतळांच्या आणि हवामानाच्या रडारवर खोटे ठिपके उमटवत. त्या कारणाने प्रकल्पांवर हरकती आल्या, काही जागा बदलाव्या लागल्या. रडारने पवनचक्की तपासण्याचा विचार फार उशिरा आला.

1991 मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्यालगत पहिला सागरी पवनप्रकल्प उभा राहिला, तेव्हा पातं जेमतेम 17 मीटरचं होतं. दोराला लटकलेला माणूस हातोडीने ठोकत जाई. जोड घट्ट तिथे खणखणीत आवाज, थर सुटले असतील तिथे बद्द. आजची मोठी पाती 115 मीटरच्या घरात आहेत. पुढे कॅमेऱ्याचे ड्रोन आले आणि झिजलेली कड, वीज पडल्याचा डाग खालूनच दिसू लागला. आतली पोकळी मात्र फोटोत येत नाही. अल्ट्रासाऊंडला पात्याला टेकावं लागतं, थर्मल कॅमेऱ्याला तापमानात फरक लागतो.

वाट मोकळी केली ती मोटारींनी. बंपरच्या प्लास्टिकमागून रस्ता पाहणारं 77 गिगाहर्ट्झचं रडार एका चिपवर आलं आणि ड्रोनला पेलण्याइतकं हलकं झालं. प्लास्टिकमधून जाणारा तरंग पात्याच्या ग्लास फायबरमधूनही जातो. ग्लास फायबरचे थर, त्यांच्यामध्ये भरलेलं हलकं बाल्सा लाकूड, हवेची फट, प्रत्येक सीमेवरून त्याचा थोडा भाग परततो. मुरलेलं पाणी तर ठळक उमटतं.

खरा घोळ ‘रडार तपासणी’ या शब्दाचा. पात्यापासून अंतर राखायला ड्रोनवर रडार बसवलं तरी तेच नाव, टॉवरवर पक्कं बसवून समोरून जाणारं प्रत्येक पातं न्याहाळलं तरी तेच, आणि ड्रोनवरून थरांच्या आत पाहिलं तरी तेच. माझ्या मते ड्रोनच्या संदर्भात हे नाव तिसऱ्यालाच शोभतं, पण माहितीपत्रकांत पहिलं काम तिसऱ्याच्या थाटात मांडलेलं दिसतं. तिसरं काम अवघडही सर्वांत जास्त. तरंगाची लांबी सुमारे 4 मिलिमीटर आणि वाऱ्यात ड्रोन हलतो सेंटिमीटरांत, त्यामुळे प्रत्येक क्षणाची जागा हिशेबात धरावी लागते. या रडारची 4 गिगाहर्ट्झ रुंदीची पूर्ण वारंवारता-पट्टी वापरली तरी ग्लास फायबरमध्ये साधारण 2 सेंटिमीटरपेक्षा कमी अंतरावरच्या दोन सीमा वेगळ्या दिसत नाहीत. बारीक फट ओळखायची ती प्रतिध्वनीच्या बदललेल्या जोरावरून.

आणखी एक अडचण पात्यांच्या लांबीतूनच आली. वजन आटोक्यात ठेवायला लांब पात्यांच्या मुख्य भारवाही पट्ट्यात कार्बन फायबर घालतात. कार्बन विद्युतवाहक, तरंग पृष्ठावरूनच माघारी फिरतो. म्हणजे सर्वाधिक ताण जिथे, नेमकं तिथेच रडार आंधळं. तिथे अजून पात्याला टेकणारा अल्ट्रासाऊंडच लावतात.