बियाण्याचा पंचनामा झाला, म्हणजे दावा लागला का?

सोयाबीन उगवलं नाही की आपल्याकडचा शेतकरी आधी दुकानदाराला गाठतो, मग तालुक्याला कृषी कार्यालयात अर्ज देतो. तक्रार निवारण समिती रानात येते, तासातलं बी उकरून बघते, उगवणीची टक्केवारी काढते, सह्या होतात. आता भरपाई येणार असं धरून माणूस दुबार पेरणीच्या मागे लागतो. दावा मात्र कुठंच लागलेला नसतो.

घोळ होतो तो अतिवृष्टीच्या पंचनाम्यामुळे. तिथं पंचनाम्यामागून सरकारी मदत खात्यावर येते. बियाण्यात पैसे द्यायचे असतात कंपनीने, आणि तसा हुकूम काढायचा अधिकार 1966 च्या बियाणे कायद्याने कृषी खात्याला दिलेलाच नाही. खातं नमुना प्रयोगशाळेत पाठवील, विक्री थांबवील, फार तर खटला भरील. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त 500 रुपये, तोही सरकारजमा! सोयाबीनची एक पिशवी याहून महाग पडते. (कापसासाठी राज्याचा 2009 चा वेगळा कायदा आहे, त्यात भरपाईची सोय आहे. सोयाबीनवाल्याला ती नाही.)

थोडक्यात, खात्याच्या फायलीत फसलेला शेतकरी हा साक्षीदार असतो. भरपाई मागायची ती जिल्हा ग्राहक आयोगात; तिथं तो तक्रारदार असतो, कंपनीच्या बरोबरीचा पक्षकार. कंपन्या पूर्वी आयोगात म्हणायच्या, शेतकरी ग्राहकच नाही, आणि बियाण्याचा नमुना कुठंय? सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगम या सरकारी बियाणे कंपनीच्या प्रकरणात दोन्ही मुद्दे उडवून लावले. शेतकरी ग्राहक आहे, आणि सगळं बी पेरून टाकणाऱ्याने नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाच चूक. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनची उगवण फसली, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. खात्याच्या कामाबद्दल यातून काय ते समजावं.

म्हणून पंचनामा सोडायचा का? अजिबात नाही. आयोगात तोच सगळ्यात भारी पुरावा. पण सही करण्याआधी कारणाचा रकाना वाचा. समितीसोबत कंपनीचा माणूस असला तर तो म्हणणारच, ओल कमी होती, बी खोल पडलं. उगवण 20 टक्के लिहिली आणि पुढं कारण ‘अपुरा ओलावा’ टाकलं, तर उद्या तोच कागद कंपनीचा वकील तुमच्याच विरोधात वाचून दाखवतो. पटत नसेल तर तसं लिहून मगच सही करा, आणि प्रत घेतल्याशिवाय सोडू नका.

आयोगाचं तसं सोपं आहे. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. नमुन्याची तपासणी असेल तर पाच महिन्यांत निकाल असं कायदा म्हणतो, त्यावर विसंबू नका.

अडतं ते पावतीवर. मृगाच्या गर्दीत मोंढ्यात कच्ची चिठ्ठी हातात पडते, त्यावर ना लॉट नंबर ना जात. पक्की पावती मागा, आणि रिकामी पिशवी टॅगसकट निदान उगवण दिसेपर्यंत फेकू नका.