फिक्स्ड गिअरमागे मुलाचा ट्रेलर

फिक्स्ड गिअर सायकलला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. उतारावर पाय स्थिर ठेवून निवांत बसायची सोय नाही. अशा सायकलला मुलाचा ट्रेलर जोडायचा म्हटलं की धास्ती वाटते ती चढाची. खरं तर घाम फोडतो तो उतार.

चालक नि सायकल मिळून 80 किलो, आणि ट्रेलर, मूल, सामान मिळून 40 किलो धरू. 5 टक्के चढावर ताशी 15 किलोमीटरने जायला, हवेचा विरोध सोडला तरी, एरवी 190 वॉट लागतात, ट्रेलरसह 285. साखळीच्या पुढच्या चकतीला 48 आणि मागच्या चकतीला 17 दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 5.9 मीटर जाते. 42 आणि 18 केले की 4.9 मीटर, म्हणजे पायांवरचा जोर सहाव्या हिश्श्याने कमी. पण मग उतारावर ताशी 30 वेगाला मिनिटाला 102 फेरे पडतात! म्हणून उतार लागायच्या आधीच वेग कमी करायचा.

ट्रेलरला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. दीडपट वजन म्हणजे त्याच वेगाला दीडपट ऊर्जा जिरवायची; नुसत्या पायांच्या भरवशावर ते जमत नाही. पुढचा ब्रेक हवाच. मागचं चाक लॉक करून घसरत थांबायची सवय इथे सोडा. ट्रेलर डाव्या बाजूने ढकलतो आणि घसरणाऱ्या चाकाला आडवी पकड उरत नाही, त्यामुळे सायकल आडवी होऊ लागते.

सगळ्यात नाजूक जागा मागच्या अ‍ॅक्सलची. हिचची, म्हणजे ट्रेलर सायकलला जोडणाऱ्या भागाची, पट्टी फ्रेमच्या बाहेर, डाव्या नटाखाली बसते. पट्टी सपाट बसली पाहिजे आणि नटाला पुरेसे आटे मिळाले पाहिजेत; अ‍ॅक्सल आखूड असेल तर लांब घ्या. क्विक रिलीजसाठी (पान्याशिवाय, खटक्याने सुटणाऱ्या चाकासाठी) बनवलेली हिच इथे चालत नाही. नट 15 च्या पान्याने, 35 ते 40 न्यूटन-मीटर आवळा. ढिला राहिला तर चाक पुढे सरकतं, साखळी सैल होऊन उतरते आणि मागचं चाक जागीच जखडतं. साखळी मधोमध वरखाली सेंटिमीटरभर हलावी, पण चेनव्हील, म्हणजे पुढची दातेरी चकती, क्वचितच अचूक गोल असतं. चाक फिरवून ती सर्वांत ताणलेली असेल तिथेच मोजा. पाय मागे रेटताना मागची दातेरी चकती उलटी सुटू नये म्हणून तिच्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग (आवळून धरणारी कडी) असते, तीही तपासा.

ट्रेलरच्या दांड्याचा सुरक्षा पट्टा अ‍ॅक्सलला नव्हे, फ्रेमला गुंडाळा. वळणावर ट्रेलर आतून कापतो, त्यामुळे आतलं चाक फुटपाथच्या कडेवर चढलं तर तो कलंडतो. शिवाय वळताना पायडल थांबवता येत नाही. आतलं पायडल जमिनीला घासेल इतकं झुकू नका.